प्रत, आरसा आणि ठेव : फोनमधले कोणते फोटो ‘ढगात’ जावेत?

 

समीक्षेला आपण बहुधा एखादा ग्रंथ घेतो. आज आम्ही घेतलेला मजकूर ग्रंथ नाही. तो जेमतेम दोन-तीन पडद्यांचा आहे. त्यावर लेखकाचे नाव नाही. त्याची नवी आवृत्ती कधी निघते ते आपल्याला कुणी कळवत नाही. आणि तरीही तो या सभागृहातल्या जवळजवळ प्रत्येकाच्या खिशात किंवा पर्समध्ये आहे. फोनमधल्या ‘गूगल फोटोज’ या अ‍ॅपमध्ये ‘बॅकअप’ नावाची एक सेटिंग असते, तो हा मजकूर. ज्यांच्याकडे आयफोन आहे त्यांच्याकडे त्याचा भाऊबंद आहे, ‘आयक्लाउड फोटोज’.

आता तुम्ही म्हणाल, हा मोबाईल दुरुस्तीवाल्याचा विषय, यात तत्त्वज्ञानाच्या माणसाचं काय काम? काम एवढंच की हा मजकूर आपल्याकडून संमती घेतो, आणि संमती शब्दांवर दिली जाते. शब्द गढूळ असेल तर संमतीही गढूळच राहते. शब्द निवळून घेणे हे आमच्या विषयाचे जुने काम आहे.

मुद्दा आधीच सांगून टाकतो, म्हणजे तुम्हाला तो तपासत ऐकता येईल. ‘बॅकअप’ या एका शब्दाखाली तीन निरनिराळी कर्मे लपलेली आहेत. पहिले, प्रत करणे. दुसरे, आरसा लावणे. तिसरे, दुसऱ्याकडे ठेव ठेवणे. या तिन्हींना तीन वेगळ्या संमती लागतात. पडदा मात्र एकच बटण दाखवतो. कोणता फोटो वर जावा आणि कोणता जाऊ नये यावर आपले नियंत्रण हवे असेल, तर ही तीन कर्मे आधी मनात वेगळी करावी लागतील.

मजकूर काय म्हणतो

प्रथम मजकूर नीट वाचू. अँड्रॉइड फोनवर गूगल फोटोज उघडा. वर उजव्या कोपऱ्यात आपल्या चित्रावर बोट ठेवा, ‘फोटोज सेटिंग्ज’मध्ये जा, तिथे ‘बॅकअप’. हे सुरू असेल तर ‘कॅमेरा’ या फोल्डरमधला प्रत्येक फोटो आणि व्हिडिओ आपोआप वर जातो. बाकीचे फोल्डर, म्हणजे व्हॉट्सअ‍ॅपवरून आलेली चित्रे, स्क्रीनशॉट, डाउनलोड वगैरे, यांच्यासाठी ‘बॅक अप डिव्हाइस फोल्डर्स’ अशी वेगळी यादी आहे. तिथे प्रत्येक फोल्डरसमोर एक कळ असते. आपण चालू केली तर तो फोल्डर जातो, नाही तर जात नाही.

आयफोनवर परिस्थिती आणखी साधी, म्हणजे आणखी कडक आहे. आयक्लाउड फोटोज सुरू केले की सगळी लायब्ररी जाते, बंद केले की काहीच जात नाही. हा अल्बम पाठवा आणि तो ठेवा, अशी सोय नाही.

या मजकुराला इतिहासही आहे. गूगल फोटोज ही सेवा मे २०१५ मध्ये सुरू झाली तेव्हा तिचे आकर्षण होते अमर्याद फुकट जागा. थोडी कमी गुणवत्ता चालत असेल तर हवे तेवढे फोटो टाका. सहा वर्षे लोकांनी टाकले. नोव्हेंबर २०२० मध्ये कंपनीने जाहीर केले की ही सवलत संपणार, आणि १ जून २०२१ पासून नवे फोटो १५ जीबीच्या हिशेबात धरले जाऊ लागले. हे १५ जीबी फोटो, जीमेल आणि ड्राइव्ह या तिघांत मिळून. पुढे २०२४ मध्ये अँड्रॉइडवरच्या व्हॉट्सअ‍ॅपचा बॅकअपही त्यातच मोजला जाऊ लागला. अ‍ॅपलकडे फुकट जागा ५ जीबी.

हा इतिहास सांगण्याचे कारण असे. आज पुष्कळ लोक ‘कोणते फोटो जावेत’ हा प्रश्न विचारतात तो ‘जागा संपली’ असा लाल इशारा आल्यावर. जागा भरली की जीमेलला पत्रे येणे थांबते, मग माणूस घाबरून फोटो पुसायला बसतो. म्हणजे निवड करायची वेळ आली ती टंचाईमुळे. पहिली सहा वर्षे ती करायची गरजच नाही असे आपल्याला शिकवले गेले होते. सवय कंपनीने लावली आणि बिल मागाहून आले. यात बेकायदा काही नाही. पण समीक्षकाने हे नोंदवले पाहिजे.

प्रत आणि आरसा

आता पहिला भेद. तलाठ्याकडून आपण सातबाऱ्याची नक्कल घेतो. आपली नक्कल हरवली, फाटली, उंदरांनी खाल्ली, तरी दप्तरातल्या नोंदीला काही होत नाही. ही प्रत. दोन वस्तू, दोन स्वतंत्र नशिबे. एकीचा नाश दुसरीपर्यंत पोहोचत नाही, म्हणून तर प्रत काढायची. ‘बॅकअप’ या शब्दाचा मूळ अर्थ हाच आहे.

आरसा वेगळा. आरशासमोरून आपण बाजूला झालो की आरशातलेही रूप जाते. तिथे दुसरी वस्तू नाहीच. ‘सिंक’ म्हणजे आरसा. दोन्हीकडे एकच स्थिती राहावी, ही त्याची प्रतिज्ञा.

गूगलच्या या सेटिंगचे नाव पूर्वी ‘बॅकअप अँड सिंक’ होते, आता नुसते ‘बॅकअप’ उरले आहे. नाव प्रतीचे, वागणूक मात्र आरशाची. बॅकअप झालेला फोटो आपण अ‍ॅपमध्ये जाऊन डिलीट केला, तर तो सामान्यतः फोनवरूनही जातो आणि वरूनही जातो. कचरापेटीत ६० दिवस राहतो, मग कायमचा संपतो. आयक्लाउडमध्येही तसेच, तिथे मुदत ३० दिवसांची. फोनमध्ये जागा करायची म्हणून कुणी हजारभर फोटो पुसतो, मनात म्हणतो ‘वर आहेतच की’. वर नसतात. त्याने आरशासमोरून चेहरा हलवलेला असतो.

आणखी एक बटण आहे, ‘फ्री अप स्पेस’. हे बटण बॅकअप झालेल्या फोटोंच्या फोनमधल्या आवृत्त्या काढून टाकते. सोय चांगली आहे, आम्ही तिला नावे ठेवत नाही. पण त्यानंतर काय उरते ते पाहा. फोनमध्ये काही नाही, वर एकच आवृत्ती. जिची जोडीदार उरली नाही तिला प्रत कसे म्हणायचे? तीच आता मूळ वस्तू, आणि ती आपल्या घरात नाही. पडद्यावर शब्द मात्र अजून ‘बॅक्ड अप’ असाच दिसतो. ही शब्दाची चूक लहान नाही. या शब्दावर भरवसा ठेवून माणूस दुसरी प्रत करत नाही.

ठेव

दुसरा भेद जास्त महत्त्वाचा आहे, म्हणून तिथे जरा रेंगाळू. प्रत कुठे ठेवली?

‘क्लाउड’, ढग, हा शब्द फार हुशारीने निवडलेला आहे. ढग कुणाच्या मालकीचा नसतो. वर असतो, सगळ्यांचा असतो. हा ढग मात्र जमिनीवर आहे, कुणाच्या तरी इमारतीत, कुणाच्या तरी कुलपात. तेव्हा मराठीत याला ढग म्हणण्यापेक्षा आपला जुना शब्द वापरावा. तो म्हणजे ठेव. ठेव म्हणजे आपण विश्वासाने दुसऱ्याच्या ताब्यात दिलेली वस्तू.

या नात्याचा विचार आपल्याकडे फार बारकाईने झालेला आहे. धर्मशास्त्रात न्यायालयीन वादाचे अठरा विषय मनूने मांडले, त्यात ऋण पहिले आणि निक्षेप, म्हणजे ठेव, दुसरा. याज्ञवल्क्यस्मृतीत आणि तिच्यावरच्या विज्ञानेश्वराच्या मिताक्षरेत आणखी एक भेद येतो. जी वस्तू मोजून, दाखवून स्वाधीन केली तो निक्षेप. आणि जी पेटीत घालून, मोहोर लावून, आत काय आहे ते न सांगता दिली तिचे नाव उपनिधी. एक उघडी ठेव, एक बंद ठेव. ठेव घेणाऱ्याने मालकाला न विचारता तिचा उपयोग केला तर त्याला दंड आहे, आणि ती वाढीसह परत करावी लागते. राजाने नेली, दैवाने गेली, चोराने पळवली, तर मात्र एरवी त्याच्यावर दोष नाही.

किती नेमका विचार आहे बघा. आमच्या मते आजच्या फोटोंच्या प्रश्नाला हाच भेद उपयोगी पडतो. फोटो वर जातो तो उघडी ठेव म्हणून की बंद ठेव म्हणून?

नेहमीच्या व्यवस्थेत तो उघडी ठेव म्हणून जातो. वाटेत आणि साठवणीत तो सांकेतिक रूपात असतो हे खरे, पण किल्ली कंपनीजवळ असते. म्हणूनच तर आपण ‘समुद्र’ लिहिले की गणपतीपुळ्याचे फोटो समोर येतात, आणि नातवाचा चेहरा ओळखून त्याचे सगळे फोटो एका गटात लागतात. पेटी उघडल्याशिवाय हे होणार नाही. ही सेवा आपल्याला आवडते, तिची किंमत ही आहे. अ‍ॅपलने डिसेंबर २०२२ पासून ‘अ‍ॅडव्हान्स्ड डेटा प्रोटेक्शन’ नावाची सोय द्यायला सुरुवात केली. ती चालू केली तर आयक्लाउडमधल्या फोटोंची किल्ली फक्त आपल्याकडे राहते. ही बंद ठेव. पण ती आपणहून चालू करावी लागते, आणि किल्ली हरवली तर कंपनीही पेटी उघडून देऊ शकत नाही. बंद ठेवीचा हा नियम तेव्हाही होता.

उघड्या ठेवीत काय होऊ शकते याचे एक उदाहरण अमेरिकेतले आहे. न्यूयॉर्क टाइम्सने ऑगस्ट २०२२ मध्ये ते सविस्तर छापले. फेब्रुवारी २०२१, कोविडचा काळ. सॅन फ्रान्सिस्कोमधल्या एका बापाच्या लहानग्याला गुप्तांगाला सूज आली. व्हिडिओवर डॉक्टर तपासणार, त्याआधी फोटो पाठवा असे सांगण्यात आले. बापाने फोनवर फोटो काढले. डॉक्टरांनी पाहिले, औषध दिले, मूल बरे झाले. पण तेच फोटो गूगलच्या साठवणीत आपोआप गेले. तिथल्या यंत्रणेने त्यांना मुलांच्या लैंगिक शोषणाची चित्रे ठरवले. दोन दिवसांत त्याचे खाते बंद झाले. ईमेल, संपर्क, वर्षांचे फोटो, आणि फोन नंबरही त्याच कंपनीचा होता, तोही गेला. पोलिसांनी चौकशी केली आणि काही गुन्हा घडलेला नाही असा निष्कर्ष काढून प्रकरण मिटवले. तरी कंपनीने आपला निर्णय बदलला नाही.

या प्रकरणात खलनायक शोधू नका. मुलांच्या शोषणाची चित्रे शोधलीच पाहिजेत, त्याबद्दल दुमत नाही. प्रश्न वेगळा आहे. डॉक्टरसाठी काढलेला फोटो डॉक्टरपलीकडे गेलाच कसा? बापाने तो पाठवायचे ठरवले नव्हते. त्याने एकाच व्यक्तीला दाखवायचे ठरवले होते.

हेलन निसेनबाउम या तत्त्वज्ञ विदुषीने २००४ च्या सुमारास खासगीपणाची एक व्याख्या पुढे आणली, ती इथे बरोबर बसते. त्यांच्या मते खासगी असणे म्हणजे गुप्त असणे नव्हे. प्रत्येक माहिती एका संदर्भात दिलेली असते, आणि त्या संदर्भाचे काही अलिखित नियम असतात. डॉक्टरला सांगितलेले डॉक्टरपुरते. माहिती त्या नियमांबाहेर वाहिली की खासगीपणा भंगला, मग ती कुणी वाईट हेतूने पाहिली असो वा नसो. आपल्या भाषेत सांगायचे तर गोष्ट ज्या घरात बोलायची त्या घरात राहिली नाही.

एक चिठ्ठी

एक चिठ्ठी आली आहे, तिचे उत्तर देऊन पुढे जातो. “सर, आमच्या फोटोंत लपवण्यासारखं काही नाही. सणवार, नातवंडं, देवदर्शन. मग आम्ही कशाला काळजी करायची?”

प्रश्न प्रामाणिक आहे. पण आपल्या फोटोंत आपण स्वतः किती असतो? फोटो काढणारा चौकटीबाहेर असतो. चौकटीत असतात इतर लोक. वाढदिवसाला आलेली शेजाऱ्यांची मुले. हॉस्पिटलमध्ये नळ्या लावलेली काकू, जिचा फोटो दूरच्या नातेवाइकांना ‘परिस्थिती कळावी’ म्हणून काढलेला असतो. मावशीचे पासबुक, भाच्याचे आधार कार्ड, कामवाल्या बाईंचे रेशन कार्ड, कारण त्यांचा ऑनलाइन अर्ज आपण भरून दिला होता. आपल्याला लपवायचे काही नसेलही. पण दुसऱ्याची वस्तू तिसऱ्याकडे ठेव म्हणून द्यायचा अधिकार आपल्याला कुणी दिला?

कायदा इथे आपल्याला फारसा अडवत नाही. सर्वोच्च न्यायालयाच्या नऊ न्यायमूर्तींनी २४ ऑगस्ट २०१७ रोजी पुट्टस्वामी खटल्यात खासगीपणा हा मूलभूत हक्क आहे असा निर्वाळा दिला. त्यानंतर २०२३ मध्ये वैयक्तिक डिजिटल माहितीच्या संरक्षणाचा कायदा झाला. त्या कायद्यातून व्यक्तीने स्वतःच्या किंवा घरगुती कामासाठी केलेली हाताळणी वगळलेली आहे. ते योग्यच आहे, नाही तर लग्नाचा अल्बम करायलाही वकील लागला असता. पण याचा अर्थ असा की या जागेत कायद्याचा पहारा नाही. इथे पहारा आपला आहे. म्हणून हा प्रश्न तंत्राइतकाच नीतीचाही आहे.

निवडणे

आता मुख्य आक्षेपाकडे येतो. अ‍ॅरिस्टॉटलने नीतिशास्त्राच्या तिसऱ्या भागात एक भेद केला आहे. स्वेच्छेने घडलेली कृती वेगळी आणि निवड वेगळी. लहान मूलही स्वेच्छेने वागते, प्राणीही वागतो, पण ते निवड करत नाहीत. निवडीच्या आधी विचार झालेला असावा लागतो. नवा फोन हातात आला, पडद्यावर प्रश्न आला, ‘सुरू करा’ हे बटण ठळक रंगात होते, आपण ते दाबले. जबरदस्ती कुणी केली नाही, म्हणजे कृती स्वेच्छेची. पण निवड झाली का? नाही झाली.

मराठीत ‘निवडणे’ हा शब्द स्वयंपाकघरातून आलेला वाटावा इतका घरगुती आहे. तांदूळ निवडतात, मेथी निवडतात. हे काम कसे होते? ताटात थोडे थोडे घ्यायचे, नजर फिरवायची, खडा बाजूला, दाणा पुढे. मुख्य म्हणजे हे काम तांदूळ शिजण्याआधी करायचे असते. भात झाल्यावर खडे काढत बसणे याला निवडणे म्हणत नाहीत. आपला हा मजकूर मात्र नेमके तेच सुचवतो. आधी सगळे वर जाऊ द्या, नको असेल ते मागाहून पुसा. आणि पुसायला बसलो की आरशाची अडचण पुन्हा समोर येते.

बरं, फोल्डरची यादी तर दिली आहे ना? दिली आहे, आणि त्याबद्दल या मजकुराला गुण दिले पाहिजेत. आयफोनवर तेवढेही नाही. पण या यादीची मर्यादा ओळखावी. फोल्डर फोटोचे उगमस्थान सांगतो, प्रयोजन सांगत नाही. हा कॅमेऱ्यातून आला, हा व्हॉट्सअ‍ॅपमधून आला, एवढेच यंत्राला ठाऊक. नातीच्या पहिल्या पावलाचा फोटो आणि मूळव्याधीच्या डॉक्टरला दाखवायचा फोटो, दोन्ही कॅमेऱ्यातूनच येतात. उलट मामांनी पाठवलेला आजीचा एकमेव तरुणपणीचा फोटो व्हॉट्सअ‍ॅपच्या फोल्डरमध्ये शुभ सकाळच्या तीनशे फुलांखाली गाडला जातो. म्हणजे जे जतन व्हावे ते राहून जाते आणि जे घरात राहावे ते बाहेर जाते. ‘कशासाठी काढला’ हा प्रश्न या मजकुरात कुठेच नाही. तो प्रश्न फक्त माणूस विचारू शकतो, आणि त्याला तो विचारायला वेळच ठेवलेला नाही, कारण वाय-फाय मिळाले की फोटो निघाला.

आणखी एक मौन. एखाद्या फोल्डरची कळ आज बंद केली तर आधी गेलेले फोटो परत येत नाहीत. नळ बंद झाला, टाकीतले पाणी तसेच. पडद्यावर हे ठळकपणे सांगितलेले नाही. पुष्कळांना वाटते कळ बंद केली म्हणजे सगळे निपटले.

दुसरी बाजू

एवढे बोलून ‘बंदच करून टाका’ असे आम्ही म्हणणार नाही. १२ जुलै १९६१ ला पानशेतचे धरण फुटले, नदीकाठचे पुणे पाण्याखाली गेले. ज्यांची घरे वाचली त्यांच्याही पेट्यांतले कागद आणि फोटो चिखलात गेले. २०१९ च्या ऑगस्टमध्ये कोल्हापूर-सांगलीच्या पुरात तेच झाले. आईवडिलांचा लग्नातला एकुलता एक फोटो गेला की तो गेलाच. पूर नको, लोकलच्या गर्दीत फोन मारला गेला तरी पाच वर्षे जातात. दूर कुठेतरी प्रत असणे हे सामान्य माणसासाठी वरदान आहे, आणि ते या कंपन्यांनी सामान्य माणसाच्या आवाक्यात आणले. पूर्वी एवढी काळजी फक्त संस्थानिकांच्या दप्तरांची घेतली जाई. तेव्हा आमचा आक्षेप ठेवीला नाही. न मोजता, न पाहता, दुसऱ्याच्या वस्तूंसकट ठेव ठेवण्याला आहे.

मग करायचे काय? तीन कर्मे वेगळी केली की उत्तर बरेचसे आपोआप मिळते.

ठेवीपासून सुरुवात करू. ज्यांना निवड करायला आवडते त्यांनी आपोआप होणारा बॅकअप बंद ठेवावा. गूगल फोटोजमध्ये बॅकअप बंद असतानाही एकेक फोटो निवडून तेवढाच वर पाठवता येतो. रविवारी सकाळी पंधरा मिनिटे, तांदूळ निवडावेत तसे. ज्यांना एवढा उत्साह नाही त्यांनी कॅमेरा चालू ठेवावा, पण स्क्रीनशॉट, डाउनलोड आणि व्हॉट्सअ‍ॅपचे फोल्डर बंद करावेत, आणि व्हॉट्सअ‍ॅपमधून आलेला एखादा फोटो खरोखर मोलाचा असेल तर तो वेगळा काढून ठेवावा. मोबाईल डेटावर बॅकअप होऊ देऊ नये. वाय-फायपुरता ठेवला तर घराबाहेर काढलेला फोटो घरी पोहोचेपर्यंत आपल्या हातात असतो. विचाराला तेवढी फट मिळते.

कागदपत्रे आणि आजारपणाचे फोटो यांची वेगळी रीत ठेवावी. काम झाले की त्याच दिवशी पुसावेत, आणि कचरापेटीही रिकामी करावी. ठेवणे भागच असेल तर ‘लॉक्ड फोल्डर’ आहे. मात्र त्याचा बॅकअप बंद असेल तर अ‍ॅप काढून टाकले किंवा फोन मूळ स्थितीला नेला की आतले सगळे जाते, हे लक्षात ठेवून. आधार कार्ड कुणाला पाठवायचेच असेल तर ज्यात पहिले आठ अंक झाकलेले असतात ते मास्क्ड आधार पाठवावे.

प्रतीसाठी खरी प्रत काढावी. ‘गूगल टेकआउट’मधून आपले फोटो उतरवून घेता येतात. सहा महिन्यांतून एकदा ते एका हार्ड डिस्कवर उतरवावेत आणि ती डिस्क कपाटात ठेवावी. ही खरी नक्कल, कारण वर काही पुसले तरी तिला धक्का लागत नाही. आणि आरशाबाबत एकच नियम पुरे. पुसण्यापूर्वी विचारा, हा फोटो दुसऱ्या कुठल्या स्वतंत्र जागी आहे का?

या मजकुराची समीक्षा म्हणून आमचा निकाल असा. मांडणी सुटसुटीत, उपयोग मोठा, फोल्डरची यादी स्तुत्य. पण मुख्य शब्द दिशाभूल करणारा, आणि तीन प्रश्नांच्या जागी एक प्रश्न विचारल्यामुळे संमती अपुरी. पडद्याने विचारायला हवे होते: याची प्रत करू का? एकीकडे पुसले तर दुसरीकडेही पुसू का? आणि ही ठेव आम्ही उघडून पाहिली तर चालेल का? तीन ओळी. त्या लिहायला जागा कमी पडली असे वाटत नाही.

शेवटची चिठ्ठी

वेळ होत आला आहे, पण एक चिठ्ठी उरली आहे आणि ती टाळणे बरे नव्हे. अक्षर वयस्कर हाताचे दिसते. “मुलगा न्यू जर्सीला असतो. मागच्या दिवाळीत आला तेव्हा फोनवर हे सगळं त्यानेच लावून दिलं. पासवर्ड त्याच्याकडे आहे. माझे फोटो कुठे जातात मला माहीत नाही. मुलाला विचारलं तर त्याला वाईट वाटेल का?”

काकू, किंवा काका, नाव लिहिलेले नाही. मुलाने प्रेमानेच केले असणार. तुमचे फोटो त्याला तिकडे दिसावेत, फोन हरवला तर तुमचा जीव टांगणीला लागू नये, एवढाच त्याचा हेतू. पण तुमच्या फोटोंत तुमच्या भिशीच्या मैत्रिणी आहेत, तुमच्या सुनेला दाखवू नयेत असे तुमचे रिपोर्ट असतील, यजमानांच्या शेवटच्या दिवसांतले काही असेल. ठेवीची पावती ठेव ठेवणाऱ्याकडे असते. ती मागण्यात कुणाचा अपमान नाही.

तेव्हा पुढच्या रविवारी व्हिडिओ कॉलवर त्याला सांगा, बाळा, मला एकदा नीट दाखव. कोणत्या खात्यात जातात ते विचारा. पासवर्ड लिहून घ्या आणि डायरीत ठेवा. कोणते फोल्डर चालू आहेत ते त्याच्याबरोबर बसून पाहा. आणि आणखी एक. कंपनीचा नियम असा आहे की जे खाते दोन वर्षे कुणी वापरले नाही ते ती काढून टाकू शकते. म्हणून आपल्यामागे हे फोटो कुणाकडे जावेत ते ‘इनअ‍ॅक्टिव्ह अकाउंट मॅनेजर’मध्ये आधीच नोंदवता येते. ते नाव मुलाचे घाला. ते तुम्ही घातलेले असेल, त्याने नव्हे, एवढाच फरक आहे. आज तासभर आम्ही त्या फरकाबद्दलच बोलत होतो.